घरचा मिस्त्री

आमच्या ह्यांनी गाडी घेतली ती ठाण्याला कामावर जायची सोय म्हणून. मिरवायला घेतली असं आमच्या जाऊबाई चारचौघांत म्हणायच्या, आणि मूलबाळ नाही ना, म्हणून गाडीचे लाड चाललेत, असंही वर जोडायच्या. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण हळदीकुंकवाला बसलेल्या बायकांत भांडण कुठे काढणार, म्हणून कुंकू लावून घेऊन उठायचे.

गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. ह्यांचा कारखाना ठाण्याला. तिथे टूलरूममध्ये फिटर होते. आता भाईंदरहून ठाण्याला आगगाडीने जायचं म्हणजे आधी पार दादर गाठा आणि तिथून परत उलटे फिरा. घोडबंदर रोडने गेलं की कितीतरी जवळ. म्हणून दुसऱ्याने वापरलेली एक पांढरी गाडी घेतली. कारखान्यातले आणखी तिघे आमच्याच बाजूला राहायचे. सकाळी चौघे डबे मांडीवर घेऊन निघायचे. युनियन, क्रिकेट, साहेबाच्या नकला, सगळं त्या गाडीत चालायचं. संध्याकाळी हे जिना चढायचे तेच हसत हसत.

त्या दिवसांत गाडीचं काही निघालं तर ती हायवेवरच्या कंपनीच्या वर्कशॉपला जायची, म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांच्याच अधिकृत माणसांकडे. ह्यांना वेळच नसायचा. "कारखान्यात दिवसभर लोखंडच घासतो, रविवारी पण तेच करू का?" असं म्हणायचे. गाडी टाकून यायची, सांगितलेल्या दिवशी घेऊन यायची, विषय संपला. माझे दीर मिरा रोडला राहायचे. विम्याच्या ऑफिसात होते आणि त्यांची गाडीही तिकडेच जायची. दोघे भाऊ कधी कधी एकत्र जायचे आणि येताना वडे खाऊन यायचे.

मग कारखान्याला टाळं लागलं.

नव्वद उलटून गेलं होतं. एक दिवस चौघे सकाळी गेले आणि तासा-दोन तासांत परत आले. गेटवर नोटीस होती. आधी वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, उघडेल. कसलं उघडतंय! हळूहळू ते तिघे पांगले. एक गावाला गेला, एकाने रिक्षा धरली, एक बोरिवलीच्या दुकानात लागला. ह्यांना कुठे काही जमेना. मी बोरिवलीच्या एका सरकारी ऑफिसात कारकून होते, त्यामुळे चूल बंद पडली नाही. पण माणूस बंद पडला. सकाळी मी डबा भरताना हे भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि मी संध्याकाळी आले तरी तसेच. दाढी नाही, आंघोळ नाही. "जेवलात का?" विचारलं तर "हो" म्हणायचे, आणि भात पातेल्यात तसाच. ऑफिसात फोन वाजला की सगळ्यांच्या आधी मी धावून उचलायचे. कुणाला सांगितलं नाही मी हे तेव्हा, पण घराचं कुलूप उघडण्याआधी मी दाराला कान लावून उभी राहायचे, आत काय दिसेल म्हणून.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते गाडीने. मी नाही, डॉक्टरने नाही, देवाने तर नाहीच नाही.

गाडी खारीतल्या एका काकांच्या अंगणात उभी असायची. काका तिथले जुने राहणारे. पूर्वी त्यांची भातशेती आणि मिठागरं होती, आता पोरांनी चाळी बांधून भाड्याने दिल्या होत्या. गाडी कित्येक दिवस हलली नव्हती. एकदा काका स्वतःच वर आले आणि दारातूनच ओरडले, "अरं, तुजी गाडी सडली. खालून पत्रा हातात येतंय. ह्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत न्हाय. बघशील का न्हाय?"

हे उठले. माझ्यादेखत उठले, पायात चप्पल घातली आणि गेले. दोन तासांनी परत आले ते कोपरापर्यंत गंजाने लाल होऊन. मी म्हटलं, "कंपनीत टाका ना." तर म्हणाले, "का? माझ्या हातांना काय मेंदी लावलीय?"

कित्ती महिन्यांनी ह्यांच्या तोंडून काहीतरी चिडकं ऐकलं! मला रडूच आलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि येऊन चहा टाकला.

तेव्हापासून गाडी वर्कशॉपला गेली नाही. हे सकाळी उठायला लागले, दाढी करायला लागले. गोणपाट घेऊन काकांच्या अंगणात जायचे आणि गाडीखाली उताणे पडायचे. कार्बुरेटर उघड, प्लग घास, पत्र्याला ठिगळ मार. आमच्या जिन्यात रॉकेलचा वास कायमचा मुक्कामाला आला. माझ्या जुन्या साड्यांची फडकी झाली, मग बऱ्या साड्यांचीही झाली. शेजारची गुजराती बाई विचारायची, "भाभी, भाईने गॅरेज खोला क्या?" मी म्हणायचे, "हां, खोला. आपका स्कूटर भेजो." आणि खरंच तिच्या नवऱ्याची स्कूटर ह्यांनी नीट करून दिली.

त्या वर्षी खंडेनवमीला ह्यांनी पाटावर नट आवळायचे पाने, हातोडी, कानस, सगळं घासूनपुसून मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. कारखान्यात ही पूजा मोठी व्हायची. मशिनींना हार घालायचे, घरच्यांना बोलवायचे, पेढे वाटायचे. इथे प्रसाद खायला आम्ही दोघं आणि खारीतले काका. पण ह्यांनी सोवळं नेसून पूजा केली आणि दिवसभर एका अवजाराला हात लावला नाही. पूजेच्या दिवशी अवजारांना विश्रांती द्यायची असते, तसा रिवाजच आहे. विश्रांती द्यायला काम तरी होतं, एवढंच माझ्या मनात आलं.

खाऱ्या हवेवर आमच्या बाजूला एकच औषध होतं, ते म्हणजे जळकं तेल. गाडीचं इंजिन ऑईल बदललं की जे काळं तेल उरतं, ते. काकांची सगळी हयात मिठागरावर गेलेली. तिथल्या पंपांना, फाटकांना, फावड्यांना ते हेच तेल फासत आले होते. ते ह्यांना म्हणाले, "खालून सगळं जलकं तेल मार. हात राखू नको. मीठ शिवणार न्हाय." आणि पटण्यासारखंच होतं ते. आमच्या बिल्डिंगच्या गेटला, पाण्याच्या पंपाला, सगळीकडे तेच लावलेलं असायचं. मी स्वतः खिडकीच्या ग्रिलला लावायचे. हे ब्रश घेऊन गाडीखाली शिरायचे आणि एक बोटभर जागा सोडायचे नाहीत. पाऊस संपला की एकदा, होळीला एकदा, आणि मध्ये मनात आलं की आणखी एकदा. बाहेर आले की दात तेवढे पांढरे दिसायचे. काका खूश आणि हेही खूश.

पण गाडीच्या खाली नुसतं लोखंड नसतं. तिथे ब्रेकचे रबरी पाईप असतात, आणि रबराला तेल चालत नाही. तेल पीत पीत ते फुगतं, मऊ पडतं. काकांना हे कळायचं काही कारण नव्हतं, त्यांच्या फावड्याला कुठे रबर होतं? आणि ह्यांचा सगळा जन्म पोलादावर गेलेला.

दोनेक वर्षं अशी गेली. मग ब्रेक त्रास द्यायला लागले. दाबला की गाडी एका बाजूला खेचायची. पायाखाली पेडल खोल जायचं आणि दोन-तीनदा मारलं की मग कुठे लागायचं. हे म्हणाले, ब्रेकच्या पाईपांत हवा शिरलीय, काढू या. ते काम एकट्याने होत नाही. मी ऑफिसातून यायचे ती साडी खोचून सरळ गाडीत, स्टिअरिंगपुढे बसायचे. हे खाली चाकापाशी. "दाब! धर! धरून ठेव! सोड आता!" आणि मी दाबतेय, सोडतेय. "अहो, पायात गोळे आले," मी म्हणायचे. "येऊ देत. दाब!" काका कट्ट्यावर बसून हसायचे. माझ्या लग्नाला तेव्हा पंधराएक वर्षं झाली असतील, पण नवरा-बायको म्हणून आम्ही दोघांनी मिळून काही केलं असेल तर ते हेच, असं मला आजही वाटतं.

चार-आठ दिवस ब्रेक ठीक चालायचे आणि पुन्हा तेच.

दीर एका रविवारी आले, गाडी घेऊन जरा फिरून आले आणि तडक वर येऊन मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी दादाला सांगा. बाकी काय वाटेल ते करू दे, पण ब्रेकशी खेळ नको. कंपनीत टाका. मी येतो बरोबर, मीच घेऊन जातो."

मी तोडून टाकलं त्यांना. म्हटलं, "भावजी, तुमची गाडी तुम्ही न्या कंपनीत. आमच्या घरात मिस्त्री आहे." चहासुद्धा न घेता गेले बिचारे.

पण मला काय कळत नव्हतं? पेडल माझ्याच पायाखाली होतं ना! रात्री जेवताना मी हळूच विषय काढला. म्हटलं, एकदा दाखवून तर आणू, फक्त ब्रेक. ह्यांनी घास तसाच ताटात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "गाडी तिकडे नेली तर मग मी कशाला आहे या घरात? सांग ना. तू कमावतेस, तू रांधतेस. मी काय करतो?"

एका बाजूला ब्रेक आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस. गाडी वर्कशॉपला न्यायची म्हणजे ह्यांना परत त्या भिंतीकडे तोंड करून निजवायचं. मला ते नको होतं. मी ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, "जेवा. उद्या परत हवा काढू."

त्यानंतर ठाण्याचं एक लग्न आलं. कारखान्यातल्या ह्यांच्या जुन्या जोडीदाराच्या मुलीचं. टूलरूमचे झाडून सगळे येणार होते. टाळं लागल्यापासून हे त्या रस्त्याला फिरकले नव्हते. पण ह्या लग्नाला जायचं म्हणून आठवडाभर गाडीला पॉलिश चाललं होतं. ब्रेक पुन्हा उघडले, पुन्हा बांधले. मी तपकिरी काठाची साडी नेसले, ह्यांनी सफारी घातला. काका फाटक उघडून धरत म्हणाले, "गाडी नवरीवानी दिसते!" हे असे लाजले की जणू त्यांनाच कोणी म्हणालं.

हायवे सोडून गाडी घोडबंदर रोडला लागली आणि हे बोलायलाच लागले. इथे एकदा पंक्चर झालेली, इथे साहेबाची गाडी आम्ही मागे टाकलेली. चेणं गाव मागे पडलं तेव्हा हे गुणगुणत होते. पुढच्या उतारावर समोर ट्रक होता, विटांचा. ह्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गुणगुणणं थांबलं. मी पायाकडे बघितलं, पेडल पार खाली टेकलेलं. पाय उचलून पुन्हा मारला, पुन्हा खाली. काही म्हणजे काही लागत नव्हतं. "धरून बस," एवढंच म्हणाले. गियर खाली ओढला, हँडब्रेक ओढला, तरी ट्रक जवळच येत होता. शेवटी ह्यांनी गाडी डाव्या हाताला मातीच्या दरडीत घातली.

ह्यांना खरचटलं. माझं उजवं मनगट मोडलं.

एका टेंपोवाल्याने आम्हाला दवाखान्यात नेलं. हात प्लॅस्टरमध्ये बांधला गेला. हे बाकावर बसून माझ्या पायांकडे बघत होते, तोंडाकडे नाही. दीर धावत आले. त्यांनी एका शब्दाने 'मी सांगत होतो' म्हटलं नाही, हे मला त्यांचं कबूल केलंच पाहिजे. गाडी टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीमागे दोर बांधून, त्यांनीच वर्कशॉपला पोचवली. ह्यांनी अडवलं नाही.

पुढच्या आठवड्यात वर्कशॉपमधून निरोप आला, येऊन बघून जा. माझा हात गळ्यात होता, तरी मी ह्यांच्याबरोबर गेले. ह्यांना एकटं सोडायला माझा जीव होत नव्हता. तिथे आता नवा थाट झालेला. गार खोली, सोफा, आणि मध्ये मोठी काच. काचेपलीकडे आमची गाडी वर उचललेली, आणि निळ्या कपड्यांतली माणसं तिच्याखाली उभी राहून काम करतायत. उताणं पडायची गरजच नाही! हे आत जायला निघाले तर शिपाई म्हणाला, "कस्टमर को अंदर अलाऊड नहीं है, साब." हे मागे फिरले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. मला बघवेना.

मग टाय लावलेला सुपरवायझर बाहेर आला. वयाने तसा लहान, बोलायला नम्र. हातातल्या ट्रेमध्ये रबरी पाईपचा एक तुकडा होता, भिजलेल्या चपलेसारखा फुगलेला आणि मध्येच फाटलेला. त्याने तो दोन बोटांत दाबून दाखवला. म्हणाला, खालून सगळीकडे तेल मारलंय, ब्रेकच्या पाईपवरसुद्धा, त्याने रबर गेलं. नवा पाईप घातला असता तरी तोही असाच गेला असता. नुसती हवा काढून काही होणार नव्हतं.

ह्यांनी तो तुकडा हातात घेतला. बोटाने दाबला, नाकाशी नेऊन वास घेतला. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की त्यांना समजलं, एका क्षणात समजलं, आणि इतकं साधं होतं की ते दुसऱ्याने सांगायची गरजच पडायला नको होती.

सुपरवायझर म्हणाला, "ये किसका काम है, साब? बाकी फिटिंग तो एकदम साफ है. हाथ अच्छा है आदमी का. लेकिन ऐसे आदमी को गाडी मत देना. किसी की जान जाएगी."

माझ्या प्लॅस्टरकडे बघून बोलला तो. मला वाटलं, ओरडून सांगावं त्याला, बाबा रे, हाच तो माणूस, तुझ्यासमोर उभा आहे, तू शाळेत जायच्या आधीपासून ह्याचे हात काम करतायत. तोंड उघडलंही मी. पण ह्यांनी तुकडा ट्रेमध्ये ठेवला, खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाले,

"था एक मिस्त्री हमारे यहाँ. अब नहीं है."

"अच्छा हुआ," तो म्हणाला, आणि ट्रे घेऊन आत गेला.

येताना रिक्षात हे एवढंच बोलले. "काकांना काही सांगू नकोस. त्यांनी लोखंडाचं सांगितलं होतं, ते बरोबरच होतं." काकांना मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. पान्यांची पेटी ह्यांनी त्या रिक्षावाल्या जोडीदाराला देऊन टाकली. हे परत भिंतीकडे तोंड करून निजले नाहीत. एका सोसायटीत सुपरवायझर म्हणून लागले, गेटपाशी खुर्चीवर बसायचे. वेळेवर जायचे, वेळेवर यायचे, दीर म्हणायचे दादा सावरला. मी हो म्हणायचे. गाडी ठरल्या दिवशी वर्कशॉपला जायची, अगदी हॉर्न वाजेना झाला तरी तिकडेच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही दिरांकडून जेवून परत येत होतो आणि मिरा रोडलाच गाडी झटके देऊन बंद पडली. मागून हॉर्न चालू झाले. त्यांच्याबरोबर दोन-तीन वर्षं गाडीशी झटून मलासुद्धा कळत होतं, की वायर सुटली असेल नाहीतर पेट्रोल येत नसेल, बॉनेट उघडलं की पाच मिनिटांचं काम. हे स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले, काच वर करून. मी म्हटलं, "अहो, उतरून बघा तरी एकदा."

"आपल्याला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. आणि वरच्या खिशातून वर्कशॉपचं कार्ड काढून त्यांनी मला समोरच्या पीसीओवर फोन करायला पाठवलं.